जुन्या गाडीचा सायरन आणि रिमोट

या पानावर मी एरवी बियाणे, खते, फवारणी याबद्दल लिहितो. आज विषय थोडा आडवाटेचा आहे. पण गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याने सांगितलेली हकीकत मनातून जात नाही. शिवाय गावोगाव फिरताना हाच प्रश्न मला पिकावरच्या रोगाइतक्याच वेळा विचारला जातो, म्हणून लिहायला घेतले.

हा शेतकरी अक्राणी तालुक्यातला, धडगावच्या अलीकडच्या एका पाड्यावरचा. दोन वर्षांपूर्वी सुरतेच्या एका दलालाकडून त्याने जुनी मोटार घेतली. गाडी दिसायला चांगली होती. तिला लॉक उघडणारा रिमोट आणि ओरडणारा सायरनही होता. चावी एकच मिळाली, रिमोटही एकच. कागद म्हणाल तर आर.सी. आणि विमा, बाकी काही नाही. ऑगस्टमधल्या एका रात्री सुनेला कळा सुरू झाल्या आणि तिला घेऊन मंडळी तळोद्याकडे निघाली. चांदसैली घाटात दरड उतरून रस्त्यावर दगड आले होते. गाडी थांबवली, इंजिन बंद केले, दारे लावली आणि बापलेक पावसात दगड बाजूला सारायला उतरले. पाच मिनिटांनी परत येऊन दार उघडतात तोच सायरन सुरू! रिमोट खिशात भिजलेला, दाबून काही उपयोग होईना. चावी फिरवली तर स्टार्टर फिरे, पण इंजिन घेईना. अंधार, पाऊस, आत कळा देणारी सून आणि डोक्यावर भोंगा. वीस-पंचवीस मिनिटांनी मागून एक जीप आली. तिच्यातून सुनेला तळोद्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. देवाच्या कृपेने बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

पुढच्या आठवड्यात तो मला भेटला आणि म्हणाला, “साहेब, गाडी नुसती ओरडते, चालू होत नाही. इंजिनात काय बिघाड असेल?” इंजिनात काहीच बिघाड नव्हता. गाडीने जे करायचे तेच केले होते. ज्या बटणाने ती गप्प झाली असती, ते बटण त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होते. ते तिथे आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

मी मेकॅनिक नव्हे, शेतीचा पदवीधर. पण माझीही गाडी जुनीच घेतलेली आहे. तिच्या रिमोटने एकदा नंदुरबारच्या मिरची पथारीवर चारचौघांत माझी चांगली फजिती केली होती. तेव्हापासून इलेक्ट्रिशियनच्या शेजारी बसून जे शिकलो ते सांगतो.

सगळ्यात आधी एक गोंधळ दूर करू. आपण ज्याला सरसकट ‘रिमोट लॉक’ म्हणतो, त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली, सेंट्रल लॉकिंग. म्हणजे चारही दारांची कुलपे एकदम उघडणाऱ्या छोट्या मोटारी. दुसरी, सायरन. दाराला किंवा काचेला धक्का लागला की ओरडणारा. तिसरी, इंजिन अडवणारी व्यवस्था, जिला इमोबिलायझर म्हणतात. एखाद्या गाडीत तिन्ही असतात, एखादीत एकच. कुठली गोष्ट अडली आहे हे ठरल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. पाने पिवळी पडली म्हणजे लगेच युरिया टाकायचा नसतो. आधी पाणी साचले आहे, की किडीने मूळ खाल्ले आहे, ते पाहावे लागते.

तिसऱ्या गोष्टीतही दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार कारखान्यातूनच येतो. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. चावी भोकात घातली की कुलपाभोवतीची तारेची कडी तिला विचारते, ‘तू घरचीच ना?’ ओळख पटली तरच इंजिन चालते. अशा गाडीत मीटरजवळ चावीचे किंवा गाडीवर चावी असे चित्र असलेला छोटा दिवा असतो. चावी चालू करूनही तो लुकलुकत राहिला, तर चिपची ओळख पटलेली नाही असे समजा. हे काम घरी होणारे नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा संगणक असलेल्या चावीवाल्याकडेच जावे लागते. चावी चालू-बंद करून ही चिप शिकवता येते असे कोणी म्हणाले, तर तुमच्या गाडीच्या पुस्तकात तसे लिहिलेले दाखवायला सांगा.

दुसरा प्रकार बाजारात बसवून घेतलेला. आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांत बहुधा हाच सापडतो. मारुती ८०० घ्या. ती १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती, पण तिला कारखान्याने रिमोट दिलाच नाही. तिच्यात रिमोट दिसला, तर तो नंतर कोणीतरी दुकानात बसवलेला आहे हे नक्की. यात आपल्या नाशिकच्या ऑटोकॉपचे संच पुष्कळ गाड्यांत आढळतात, निप्पॉनचेही आढळतात, शिवाय नाव-गाव नसलेले अनेक. अशा संचात डॅशबोर्डखाली काळी पेटी असते. चोर शिरल्याचा संशय आला की ही पेटी इग्निशनची किंवा पेट्रोल पंपाची तार रिलेच्या साहाय्याने तोडून ठेवते. चांदसैली घाटात स्टार्टर फिरत होता आणि इंजिन घेत नव्हते, त्याचे कारण हेच.

मग गाडी बंद करून उतरलेल्या मालकालाच तिने चोर का समजावे? बऱ्याच संचांत अशी सोय असते, की इंजिन बंद होऊन दारे लागली की तीसेक सेकंदांत सायरन आपोआप पहाऱ्यावर बसतो. मालक लॉक करायला विसरला तर, म्हणून ही सोय. शहरात ती बरी. घाटात, शेतात, सारंगखेड्याच्या यात्रेच्या गर्दीत दर पाच मिनिटांनी उतरणाऱ्या माणसाला मात्र ती तापदायक. ही सोय बहुतेक संचांत बंद करता येते. इलेक्ट्रिशियनला तेवढे एक काम आवर्जून सांगा.

आता आपल्या गाडीत काय बसवले आहे ते ओळखायचे कसे? काचेवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. पुष्कळजण चोराला भीती दाखवायला नुसता स्टिकर चिकटवतात. सुरुवात रिमोटपासून करा. पाठीमागे नाव किंवा नंबर असेल तर कागदावर उतरवून घ्या. नंतर लहान स्क्रू काढून रिमोट उघडा. घाई करू नका, बटणाचा रबर आणि बॅटरी कशी बसली होती ते ध्यानात ठेवा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आतल्या हिरव्या पट्टीवर ‘४३३’ किंवा ‘३१५’ असा आकडा कुठेतरी छापलेला असतो. ही त्याची लहर, म्हणजे मेगाहर्ट्झ. आपल्याकडच्या रिमोटची लहर बहुतेक ४३३.९२ असते, बाहेरून आलेल्या काही मालाची ३१५. रेडिओवर जसे एका स्टेशनवर दुसरे लागत नाही, तसा ३१५ चा रिमोट ४३३ च्या पेटीला ऐकूच जात नाही. दुकानातून ‘दिसायला अगदी सारखा’ रिमोट आणून पैसे वाया गेलेले मी बरेच पाहिले आहेत.

त्याच पट्टीवर आठ पायांची काळी चिप असते. तिच्यावर ‘एच.सी.एस. ३००’ किंवा ‘३०१’ असे असेल, तर तो बदलत्या आकड्याचा रिमोट. हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण अर्ध्या तक्रारी यातूनच निघतात.

बाजार समितीचे पावती पुस्तक डोळ्यांसमोर आणा. रिमोट दाबला की प्रत्येक वेळी एक नवी पावती फाटते आणि तिचा नंबर आधीच्या पावतीच्या पुढचा असतो. पेटीला शेवटची पावती कोणती आली ते माहीत असते. एकदा वापरलेली पावती पुन्हा आली तर ती सरळ नाकारते. त्यामुळे तुमचा सिग्नल कोणी चोरून टिपला तरी तो नुसता परत सोडून दार उघडत नाही. आता समजा, घरी नातवंडांनी खेळता खेळता रिमोट दहा वेळा दाबला. दहा पावत्या वाया गेल्या. पेटी एवढे चालवून घेते. या चिपांच्या पद्धतीत साधारण सोळा पावत्यांपर्यंत. पण पोरांनी पन्नास वेळा दाबला, तर पेटीला शंका येते. अशा वेळी गाडीजवळ उभे राहून तेच बटण लागोपाठ दोनदा दाबा. पाठोपाठच्या नंबराच्या दोन पावत्या आल्या की पेटी समजून घेते आणि पुन्हा जुळते. शहाद्याचे एक केळी बागायतदार तीन महिने चावीने दार उघडत होते. “रिमोट दाबस, पन दार उघडत नही,” असे म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला. लागोपाठ दोनदा दाबला आणि दार उघडले. मला मोठे तज्ज्ञ समजून त्यांनी केळीचा घड गाडीत टाकला, हे वेगळे सांगायला नको.

चिपवर दुसरेच काही असेल, तर बरेचदा तो एकाच ठरलेल्या आकड्याचा जुना रिमोट असतो. याची नक्कल करणारे स्वस्त रिमोट बाजारात मिळतात. दोन रिमोट समोरासमोर धरून दाबले की नक्कल तयार. तुमची सोय होते तशी चोराचीही होते, हे लक्षात घ्या. बदलत्या आकड्याच्या रिमोटची अशी नक्कल या स्वस्त रिमोटने होत नाही. तिथे नवा रिमोट पेटीला रीतसर शिकवावाच लागतो.

शिकवण्यापूर्वी साध्या गोष्टी पाहा. रिमोटची बॅटरी दोन प्रकारची असते. एक करंगळीच्या पेराएवढी नळकांडी, १२ व्होल्टची, तिच्यावर ‘२३ए’ किंवा ‘२७ए’ लिहिलेले असते. दोन्हींची जाडी निराळी, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दुसरी नाण्यासारखी चपटी, ३ व्होल्टची, ‘२०३२’ किंवा ‘२०१६’. मीटर लावून १२ व्होल्टची बॅटरी १० च्या खाली दिसली तर सरळ बदला. रिमोटचा दिवा लागतो म्हणजे बॅटरी चांगली, असे नाही. क्षीण बॅटरीवरही दिवा लागतो, सिग्नल मात्र चार पावलांवर मरतो. पावसात भिजला असेल तर उघडून सावलीत सुकवा आणि पट्टी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. चुलीजवळ ठेवू नका. टी.व्ही.चा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहून तपासतात, ती युक्ती इथे चालणार नाही. तो प्रकाशावर चालतो, हा रेडिओच्या लहरीवर.

एवढे करूनही दार उघडले नाही तर पेटी शोधायची. डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल दिवा असतो, त्याची तार धरून मागे मागे जा. पेटी बहुधा स्टिअरिंगच्या खाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडते. तिच्यावरचा नंबर लिहून घ्या, फोटो काढा. नवा रिमोट हवा असेल तर इलेक्ट्रिशियनला हाच नंबर लागतो. पेटीपासून निघालेली एक बारीक दुहेरी तार एका छोट्या दाबायच्या बटणापर्यंत जाते. यालाच व्हॅले स्विच म्हणतात. चांदसैलीच्या घाटात हवे होते ते हेच. फ्यूजच्या पेटीजवळ, पॅडलच्या वर, हँडब्रेकच्या खाचेत, कधी सीटच्या खाली, बसवणाऱ्याच्या मर्जीनुसार कुठेही लपवलेले असते. चावी चालू करायची आणि काही सेकंदांच्या आत हे बटण दाबायचे, म्हणजे सायरन गप्प होतो आणि इंजिनाची अडवणूक सुटते. काही संचांत एकदा दाबून चालते, काहींत ठरावीक वेळा दाबावे लागते. आणखी एक गोष्ट. गाडी धुवायला किंवा दुरुस्तीला देताना सायरन निजवून ठेवायलाही हेच बटण वापरतात. लाल दिवा लुकलुकायच्या ऐवजी एकसारखा जळत असेल आणि सायरन काहीच काम करत नसेल, तर बिघाड समजण्याआधी तो निजवलेला तर नाही ना, हे पाहा.

रिमोट शिकवण्याची रीत प्रत्येक संचाची निराळी आहे. सगळ्यांना लागू पडेल अशी एकच रीत सांगणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे किंवा स्वतः फसला आहे. तरी साधारण चाल अशी असते. चावी चालू करायची, किंवा ठरावीक वेळा चालू-बंद करायची. मग व्हॅले स्विच ठरावीक वेळा दाबायचा. सायरन ‘टिक्’ असा बारीक आवाज करतो किंवा दिवा वेगळ्या तऱ्हेने लागतो, म्हणजे पेटी ऐकायला तयार झाली. आता रिमोटचे बटण दाबायचे. पुन्हा ‘टिक्’ झाले की तो शिकला. लगेच दुसऱ्याचे बटण दाबायचे. शेवटी चावी बंद. मध्ये दहा-पंधरा सेकंद काही झाले नाही तर पेटी कंटाळून कान मिटते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. किती वेळा आणि किती सेकंद, ते मात्र तुमच्या नंबरच्या पेटीच्या पुस्तकातच पाहायचे. पुस्तक नसेल तर त्या कंपनीच्या विक्रेत्याला नंबर सांगून विचारा.

हे करताना घरातले सगळे रिमोट जवळ ठेवा. बऱ्याच पेट्या नवा रिमोट शिकताना जुने सगळे पुसून टाकतात. एकच शिकवलात आणि मुलाकडचा रिमोट कॉलेजात राहिला, तर तो मुका झाला म्हणून समजा. पण हीच गोष्ट तुमच्या फायद्याचीही आहे. जुनी गाडी घेतली तेव्हा दुसरा रिमोट कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? आधीच्या मालकाकडे, दलालाकडे, की त्याच्या ड्रायव्हरकडे? ज्याच्याकडे असेल त्याला तुमची गाडी अंगणातून उघडता येते. म्हणून गाडी घरी आली की, रिमोट चांगला चालत असला तरीही, पेटीला एकदा तुमचेच रिमोट नव्याने शिकवून घ्या. जुने पुसले गेले की नाही, तेही विचारून घ्या.

माझी फजिती इथेच झाली. रिमोट शिकवण्याच्या नादात मी गाडीबाहेर उभा राहून बटण दाबले. चावी आत, काचा वर आणि चारही दारे खटकन बंद. सभोवती लाल मिरचीचा सडा, वर मार्चचे ऊन आणि पथारीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसताहेत. शेवटी घरून दुसरी चावी येईपर्यंत दीड तास गेला. तेव्हा हे काम करताना एक काच पूर्ण खाली ठेवा आणि गाडीत लहान मूल बसवू नका.

सायरन उगाच ओरडतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. निम्म्या वेळा कारण दाराच्या चौकटीतल्या छोट्या स्विचचे असते. दार लागले की दबणारी ती बारीक दांडी. तिच्यात आपल्या शेतरस्त्याची धूळ आणि पावसाचे पाणी जाऊन गंज चढतो, मग दार बंद असूनही पेटीला ते उघडे वाटते. आतला दिवा पूर्ण विझत नसेल तर दोष तिथेच आहे. साफ करा, नाहीतर बदला. दुसरे कारण धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचे. त्याला बारीक स्क्रू असतो. तो फार तिखट ठेवला, तर शेजारून ट्रॅक्टर गेला किंवा गच्चीवरून मांजर उडी मारून टपावर आले तरी बोंब सुरू. तिसरे कारण उंदीर. कापसाच्या किंवा चाऱ्याच्या गंजीला लागून गाडी उभी करणाऱ्यांनी तारा तपासाव्यात.

बॅटरीचाही हिशोब पाहा. सायरन पहाऱ्यावर असताना वीज खातो. समजा, तो २० मिलिअँपिअर खेचतो, तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर झाला. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते. ऊसतोडीच्या किंवा मिरचीच्या हंगामात गाडी महिनाभर हलली नाही, तर १४-१५ अँपिअर-अवर त्यातच गेले. बॅटरी उतरली की काही सायरन स्वतःहून ओरडू लागतात. अशा वेळी घाईने बॅटरीची तार काढू नका. काही सायरनांच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, आणि तार काढली की ते आणखी जोराने ओरडतात. त्यांच्या अंगावर बारीक चावीचे भोक असते, ती चावी मिळाली का, हेही दलालाला विचारायचे.

पेटीच गेली असेल किंवा तिचा रिमोट बाजारात मिळत नसेल, तर जुन्यामागे पैसा घालवू नका. सगळा संच काढून नवा बसवावा. मात्र जुना काढताना तोडलेली इग्निशनची तार नुसती पीळ देऊन टेपने गुंडाळू देऊ नका, डाग देऊन पक्की जोडायला लावा. तोरणमाळच्या चढावर पिळाची तार सुटली तर पुन्हा तेच रामायण.

आता जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी. सुरत, बारडोलीकडच्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ येतात. त्यांची फॉर्म २८ ची एन.ओ.सी. आणि नाव बदलण्याचे फॉर्म २९, ३० आपण मागतो. तसेच दोन्ही चाव्या, दोन्ही रिमोट आणि सायरनचे पुस्तक मागा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या पुढे ठेवायला सांगते, एकच असली तर दावा अडकतो. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला म्हणा, “रिमोट बाजूला ठेवा आणि नुसत्या चावीने गाडी उघडून, सायरन बंद करून, चालू करून दाखवा.” त्याला ते बटण ठाऊक नसेल, तर गाडी त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनकडे न्यावी लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करा.

अक्राणीच्या त्या शेतकऱ्याच्या गाडीत बटण हँडब्रेकच्या रबराखाली निघाले. चावी चालू करून तीन वेळा दाबले की सायरन गप्प होतो. आपोआप पहाऱ्यावर बसण्याची सोय त्याने काढून टाकली आणि दुसरा रिमोट करून घेतला. सुनेने बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे. बाळाला लस द्यायला खाली येताना तिने स्वतः मला ते दाबून दाखवले.